संपृक्त नियंत्रण तंत्रांचे स्थैर्य

नियंत्रण तंत्रातील हुकूम प्रत्यक्ष कृतीत उतरविणारा घटक (उदा., वाफेची झडप, विद्युत् चलित्र, विमानाचा सुकाणू) आपल्या क्षमतेच्या टोकाला पोहोचला म्हणजे हुकूम कितीही वाढविला तरी कृती वाढत नाही. या अवस्थेला संपृक्तता म्हणतात व अशा घटकाला येथे क्रियाकारी घटक असे म्हटले आहे. क्रियाकारी घटक संपृक्त होण्याचा संभव असताना तंत्र आपल्या नेमलेल्या स्थितीला परत येईल, तिच्याभोवती आंदोलने करीत राहील की तिच्यापासून कायमचे दूर जाईल, हे ठरविणे हा स्थैर्य-विश्लेषणाचा विषय होय. प्रत्येक झडपेला पूर्ण उघडी व पूर्ण बंद अशी दोन टोके असतात आणि प्रत्येक चलित्राला कमाल परिबल व कमाल वेग असतो. त्यामुळे व्यवहारातील जवळजवळ सर्वच नियंत्रण तंत्रांना हा विषय लागू पडतो.

स्वयंचलित नियंत्रणात नियंत्रित राशीचे (उदा., तापमान, वेग, ताण) सतत मापन करून ती इष्ट मूल्याशी ताडून पाहतात. दोहोंतील फरकाला चूक म्हणतात. या चुकीवरून नियंत्रक हुकूम तयार करतो व क्रियाकारी घटक तो अंमलात आणतो. मापनाची माहिती अशा रीतीने मागे फिरविण्यास प्रतिसंभरण म्हणतात. हुकूम मर्यादेच्या आत असेपर्यंत कृती हुकुमाच्या प्रमाणात असते व तंत्र रेषीय मानता येते. मर्यादा ओलांडताच प्रतिसंभरणाची साखळी एका अर्थी तुटते, कारण चुकीत होणारा बदल यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही. नियंत्रण मात्र बहुधा अशाच वेळी अत्यंत आवश्यक असते.

मर्यादांचे प्रकार : परिमाणाची मर्यादा व वेगाची मर्यादा असे मर्यादांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात क्रियाकारी घटक एका ठराविक मूल्यापलीकडे जाऊ शकत नाही, तर दुसऱ्यात तो एका ठराविक वेगापेक्षा जलद हलू शकत नाही. काही मर्यादा एकतर्फी असतात. उदा., वाफेची झडप उष्णता देऊ शकते, पण दिलेली उष्णता काढून घेऊ शकत नाही. काही मर्यादा घटकाच्या रचनेतून येतात, तर काही सुरक्षिततेसाठी मुद्दाम घातलेल्या असतात.

इतिहास : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला केंद्रोत्सारी वेगनियामक बसविला. अशा नियामकांच्या स्थैर्याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६८ मध्ये केले. एडवर्ड राउथ (१८३१–१९०७) यांनी १८७७ मध्ये व आडोल्फ हुर्व्हिट्स (१८५९–१९१९) यांनी १८९५ मध्ये दिलेल्या कसोट्या, तसेच हॅरी नायक्विस्ट (१८८९–१९७६) यांनी १९३२ मध्ये मांडलेली आलेखीय कसोटी या सर्व रेषीय तंत्रांपुरत्या आहेत. अरेषीय तंत्रांसाठी आधारभूत ठरलेली पद्धत रशियन गणितज्ञ अलिक्सांदर ल्यापुनॉव्ह (१८५७–१९१८) यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफांच्या नेमासाठी वापरलेल्या सेवायंत्रणांमुळे संपृक्ततेचा प्रश्न अभियंत्यांपुढे ठळकपणे आला. सोव्हिएट शास्त्रज्ञ लुर्ये व पोस्टनिकॉव्ह यांनी १९४४ मध्ये एक रेषीय भाग व एक अरेषीय घटक असलेल्या तंत्राचा प्रश्न मांडला. अरेषीय घटकाच्या जागी त्याच मर्यादांतील कोणताही रेषीय गुणक ठेवला असता तंत्र स्थिर राहत असेल, तर मूळ तंत्रही स्थिर असले पाहिजे, असे अनुमान आयझरमान यांनी १९४९ मध्ये केले. ते चुकीचे असल्याचे पुढे प्रतिउदाहरणांनी सिद्ध झाले. रेषीय अनुभवावर विसंबून संपृक्त तंत्राविषयी अंदाज बांधणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून दिसून आले. रुमानियातील पोपॉव्ह यांच्या कसोटीनंतर १९६०–७० या दशकात वर्तुळ कसोटी विकसित झाली. तीत झेम्स व सँडबर्ग यांच्याबरोबर मूळचे भारतीय असलेले कुंपाटी नरेंद्र यांचेही (गोल्डविन यांच्यासमवेत, १९६४) कार्य आहे.

संपृक्ततेचे परिणाम : (१) परिणामी विवर्धन घटते. क्रियाकारी घटकाच्या मर्यादेच्या दुप्पट परमप्रसर असलेला ज्यावक्रीय हुकूम दिल्यास प्रदानातील मूलभूत तरंगाचे हुकुमाशी असलेले प्रमाण मूळच्या सु. ६१ टक्के राहते, तर दहापट परमप्रसर असल्यास ते केवळ सु. १३ टक्के उरते. हुकूम जेवढा मोठा, तेवढी कृती तुलनेने दुबळी पडते. काही तंत्रे विवर्धन कमी झाल्यानेच अस्थिर होतात. अशी तंत्रे लहान विक्षोभ पचवितात, पण मोठ्या विक्षोभाने बिघडतात.

(२) समाकलाचा संचय होतो. कायमची चूक राहू नये म्हणून बहुतेक नियंत्रकांत चुकीची कालानुसार बेरीज करणारा समाकलक असतो. समजा, चूक ४ एकक असून ती ५ सेकंद टिकली, तर समाकलकाचे मूल्य २० होते. क्रियाकारी घटकाची मर्यादा १० असेल, तर १० च्या वरचा हुकूम व्यर्थ जातो, पण समाकलकात तो साठून राहतो. पुढे चूक शून्य झाली तरी हुकूम २० च राहतो. उलट दिशेने २ एककांची चूक ५ सेकंद टिकल्याखेरीज तो १० वर येत नाही व तोपर्यंत क्रियाकारी घटक टोकालाच टेकलेला असतो. त्यामुळे नियंत्रित राशी इष्ट मूल्याच्या पलीकडे जाते, मग उलट दिशेनेही तसेच घडते आणि मंद, मोठी आंदोलने सुरू होतात.

(३) प्रतिसाद मागे पडतो. वेगाची मर्यादा असलेल्या घटकाला वेगाने बदलणारा मोठा हुकूम मिळाल्यास त्याचे प्रदान त्रिकोणी आकाराचे बनते व हुकुमाच्या मागे पडते. हा प्रावस्था-विलंब ९० अंशांच्या जवळ जाऊ शकतो. अशा विलंबामुळे चूक सुधारण्यासाठी दिलेला हुकूम अवेळी पोहोचून चूक वाढविण्यास कारणीभूत होतो.

स्थैर्याचे स्वरूप : रेषीय तंत्र एक तर स्थिर असते किंवा नसते आणि विक्षोभाच्या आकारमानावर ते अवलंबून नसते. संपृक्त तंत्रात मात्र ‘किती मोठ्या विक्षोभापर्यंत?’ हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. ज्या ज्या प्रारंभिक स्थितींतून तंत्र समतोल बिंदूकडे परत येते, त्या सर्वांच्या समुच्चयाला आकर्षण प्रदेश म्हणतात.

तळहातावर उभी तोललेली काठी हे याचे परिचित उदाहरण आहे. काठी थोडी कलली की हात त्या दिशेने सरकवून ती सावरता येते. ती फार कलली, तर हात जेवढ्या वेगाने व जेवढा दूर नेता येतो तेवढा पुरत नाही व काठी पडते. तोलणाऱ्याचे कौशल्य कितीही असले, तरी हाताच्या मर्यादेमुळे ठरणारा कमाल कल त्याला ओलांडता येत नाही. हीच गोष्ट गणिताने अशी मांडता येते : एखाद्या राशीच्या बदलाचा वेग तिचे स्वतःचे मूल्य व नियंत्रण यांच्या बेरजेइतका आहे आणि नियंत्रणाची मर्यादा उणे १ ते अधिक १ आहे. राशी ०·९ असल्यास उणे १ इतके नियंत्रण देऊन बदलाचा वेग उणे ०·१ करता येतो व राशी घटू लागते. राशी १·१ असल्यास पूर्ण नियंत्रण देऊनही वेग अधिक ०·१ राहतो व राशी वाढतच जाते. नियंत्रकाचे विवर्धन कितीही वाढविले तरी १ ही सीमा तसूभरही पुढे सरकत नाही.

नियंत्रित यंत्रणेच्या मूळ स्वरूपानुसार तीन प्रकार पडतात. (अ) नियंत्रणावाचूनही स्थिर असणारी यंत्रणा : येथे कोणत्याही स्थितीतून परत येणे शक्य असते, परंतु नियंत्रक वाईट असेल तर स्थिर यंत्रणेतही आंदोलने निर्माण होतात. (आ) सीमेवरील यंत्रणा : यात स्वतः होऊन परत न येणारी, पण घातांकी वेगाने दूरही न जाणारी यंत्रणा येते. उदा., घर्षणाविना सरकणारा गाडा. मर्यादित बलाने असा गाडा कोठूनही जागेवर आणता येतो. तथापि तीन अथवा अधिक समाकलक साखळीने जोडलेले असतील, तर कोणताही रेषीय नियम मर्यादित करून वापरल्यास सर्व स्थितींतून स्थैर्य मिळत नाही, असे फुलर यांनी १९६९ मध्ये दाखविले. अशा तंत्रांसाठी टील यांनी १९९२ मध्ये एकात एक गुंफलेल्या संपृक्त फलनांचा नियम दिला. विवर्धन पुरेसे कमी ठेवल्यास रेषीय नियमानेही कितीही मोठा, पण सांत प्रदेश व्यापता येतो, असे लिन व सबेरी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. (इ) मुळातच अस्थिर यंत्रणा : हिच्या बाबतीत आकर्षण प्रदेश सीमित असतो व ती सीमा क्रियाकारी घटकाच्या क्षमतेने ठरते.

विश्लेषणाच्या पद्धती : ल्यापुनॉव्ह पद्धतीत तंत्राच्या ऊर्जेसारखे एक धन फलन निवडतात व ते काळाबरोबर सतत घटते की नाही ते पाहतात. ज्या प्रदेशात ते घटते त्यात पूर्णपणे सामावणारा, त्या फलनाच्या समान मूल्याच्या पृष्ठाने वेढलेला भाग आकर्षण प्रदेशात खात्रीने येतो. फलन कसे निवडले यावर हा अंदाज अवलंबून असतो व तो बहुधा प्रत्यक्षापेक्षा लहान येतो. सदोष असला तरी तो सुरक्षित बाजूचा असतो. रेषीय सारणी असमानतांच्या साहाय्याने असा मोठ्यात मोठा प्रदेश संगणकावर शोधण्याच्या पद्धती १९९० नंतर प्रचारात आल्या.

वर्तुळ कसोटीत संपृक्त घटकाचा आलेख दोन सरळ रेषांमधील पट्ट्यात बसतो, एवढाच गुणधर्म वापरतात. विवर्धन १ असलेल्या संपृक्त घटकासाठी व स्थिर रेषीय भागासाठी ही कसोटी फार सोपी होते : रेषीय भागाचा नायक्विस्ट आलेख उणे १ मधून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पूर्णपणे उजवीकडे असेल, तर तंत्र सर्व स्थितींतून स्थिर असते. ही अट पुरेशी आहे, पण आवश्यक नाही. वर्णन-फलन पद्धतीत फक्त मूलभूत तरंग विचारात घेतात. तिच्यावरून आंदोलनांचा परमप्रसर व कंप्रता यांचा अंदाज येतो, परंतु ती आसन्न असल्याने स्थैर्याची हमी देऊ शकत नाही. म्हणून अभिकल्पात या पद्धती एकमेकींना पूरक म्हणून वापरतात आणि शेवटी संगणकीय अनुकरणाने पडताळा घेतात.

वस्त्रोद्योगातील उदाहरणे : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. ताण्याचे सूत मागावर चढविण्यापूर्वी त्याला खळ देऊन वाफेने तापविलेल्या रुळांवर सुकवितात. या क्रियेला सायझिंग म्हणतात. यंत्र थंड असताना सुरू केल्यास तापमानाची चूक मोठी असते व वाफेची झडप बराच वेळ पूर्ण उघडी राहते. नियंत्रकात समाकलाचा संचय झाल्यास इष्ट तापमान गाठल्यावरही झडप मिटत नाही. झडप एकतर्फी असल्याने वाढलेली उष्णता काढून घेता येत नाही, ती सावकाश निवण्याची वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात सूत प्रमाणाबाहेर सुकून ठिसूळ होते व पुढे मागावर तुटते.

साध्या यंत्रमागावर ताण्याच्या बीमला साखळी व वजने यांचा घर्षणरोध लावलेला असतो. रोधाचे परिबल तेच राहिले तर बीमची त्रिज्या घटत जाईल तसा ताण वाढतो. म्हणून विणकराला वेळोवेळी वजन कमी करावे लागते. येथे प्रतिसंभरणाची साखळी विणकराच्या हातांतून पूर्ण होते. धोटाविरहित आधुनिक मागांवर ताणाचे मापन करून चलित्राने बीम फिरवितात. भरलेल्या बीमचा व्यास ८०० मिमी. व संपत आलेल्या बीमचा २०० मिमी. धरला, तर सूत त्याच वेगाने सोडण्यासाठी अखेरीस चलित्राला चौपट फेरे घ्यावे लागतात. आरंभी बीमचे जडत्व मोठे असल्याने परिबलाची मर्यादा आड येते, तर शेवटी वेगाची. माग थांबलेला असताना समाकलक चालूच राहिला, तर पुन्हा सुरू करताना सूत कमी किंवा जास्त सुटून कापडावर आडवी पट्टी उमटण्याचा संभव असतो.

विद्युत् प्रेषणातील उदाहरण : भिवंडी तालुक्यातील पडघे येथे चंद्रपूर–पडघे या उच्च दाबाच्या एकदिश प्रवाह मार्गाचे टोक आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचा हा मार्ग १९९९ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची लांबी सु. ७५२ किमी., दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट व क्षमता १,५०० मेगॅवॉट असून दोन ध्रुवांपैकी प्रत्येकाची क्षमता ७५० मेगॅवॉट आहे. म्हणजे पूर्ण भारावर प्रत्येक ध्रुवातून १,५०० अँपिअर प्रवाह वाहतो. कोळसा क्षेत्रातील वीज पश्चिमेकडील भारकेंद्रांकडे आणणे हा त्याचा हेतू आहे. चंद्रपूर येथे प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात व पडघे येथे त्याच्या उलट रूपांतर होते.

या रूपांतरात थायरिस्टर-झडपा सुरू करण्याचा विलंब हीच नियंत्रणाची कृती असते. हा विलंब अंशांत मोजतात व त्याला प्रज्वलन कोन म्हणतात. एकदिश दाब या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. अशा केंद्रांत एकदिशकारकाचा कोन सामान्यतः सु. १५ अंश ठेवतात व तो सु. ५ अंशांखाली जाऊ देत नाहीत, कारण झडपेतील सर्व थायरिस्टर एकाच वेळी सुरू होण्यास पुरेसा दाब असावा लागतो. १५ अंशांची कोज्या ०·९६६ व ५ अंशांची ०·९९६ आहे. म्हणजे नियंत्रकाच्या हाती दाब वाढविण्यासाठी सु. ३ टक्क्यांचीच राखीव शक्ती असते. पाठविणाऱ्या बाजूचा प्रत्यावर्ती दाब अचानक याहून जास्त घसरला, तर कोन किमान मर्यादेला टेकतो व एकदिशकारकाचे प्रवाहावरील नियंत्रण सुटते. रोहित्राची टॅप बदलून दाब सावरता येतो, पण त्याला काही सेकंद लागतात.

या अडचणीवर योजलेला रूढ उपाय मोठा मार्मिक आहे. घेणाऱ्या केंद्रातही एक प्रवाह-नियंत्रक ठेवतात व त्याला पाठविणाऱ्या केंद्रापेक्षा निर्धारित प्रवाहाच्या सु. १० टक्क्यांनी कमी प्रवाहाचा हुकूम देतात. एरवी या नियंत्रकाला प्रवाह नेहमीच जास्त दिसतो, म्हणून तो आपल्या मर्यादेला टेकून स्वस्थ असतो. पहिला नियंत्रक संपृक्त होऊन प्रवाह घसरू लागला की दुसरा आपल्या मर्यादेतून बाहेर येतो आणि प्रवाह कमी केलेल्या पातळीवर धरून ठेवतो. दोहोंपैकी एक नियंत्रक सदैव संपृक्त असणे हीच या तंत्राची नित्य अवस्था आहे. त्यामुळे स्वस्थ बसलेल्या नियंत्रकात समाकलाचा संचय होऊ न देणे येथे अत्यावश्यक ठरते. संचय झाल्यास सूत्रे हाती घेण्यास विलंब होतो, अथवा नियंत्रण दोन केंद्रांमध्ये हेलकावत राहते. एवढा मोठा पुरवठा एकाएकी खंडित झाल्यास त्याचा भार समांतर प्रत्यावर्ती मार्गांवर पडतो [→ विद्युत् शक्ति प्रेषण].

जलविद्युत् केंद्रात वेगाची मर्यादा मुद्दाम घालावी लागते. पाण्याचा प्रवाह झटकन रोखल्यास नळात जलाघात होऊन तो फुटण्याचा धोका असतो. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहातल्याप्रमाणे पेल्टन टरबाइने असतील तेथे सुईझडप सावकाश मिटवितात व दरम्यान विचलकाने पाण्याची धार चाकावरून त्वरित बाजूला वळवितात. एकाच कामासाठी मंद व जलद असे दोन क्रियाकारी घटक वापरून मर्यादेवर मात करण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

अपघात : मुळात अस्थिर अशा यंत्रणांत संपृक्ततेचे परिणाम गंभीर होतात. चपळतेसाठी आधुनिक लढाऊ विमाने मुद्दाम अस्थिर बनवितात व संगणकाच्या साहाय्याने उडवितात. स्वीडनचे ग्रिपेन विमान ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोम येथे प्रात्यक्षिकाच्या वेळी कोसळले. वैमानिकाच्या मोठ्या व जलद हुकुमांमुळे नियंत्रक पृष्ठभाग आपल्या वेगमर्यादेला पोहोचले होते. वैमानिक हवाई छत्रीने बचावला. अमेरिकेच्या वायएफ–२२ या विमानाला एप्रिल १९९२ मध्ये झालेल्या अपघातातही वेगमर्यादेचा भाग होता. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उड्डाण केलेले भारताचे तेजस हे विमानही याच वर्गातील असल्याने त्याच्या नियंत्रण नियमांत या मर्यादांचा विचार आवश्यक होता. १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेच्या वेळी अणुभट्टीतील नियंत्रक दांडे पूर्ण आत जाण्यास १८ ते २० सेकंद लागत, मात्र अणुभट्टीची शक्ती त्याहून कितीतरी कमी वेळात वाढली. दांड्यांच्या रचनेतील दोषाने परिस्थिती आणखी बिकट केली. अशा उदाहरणांच्या आधारे गुंटर स्टाइन यांनी १९८९ मधील आपल्या व्याख्यानात अस्थिर यंत्रणांच्या मूलभूत मर्यादांकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले.

उपाययोजना : सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्रियाकारी घटक टोकाला असताना समाकलन थांबविणे. दुसऱ्या पद्धतीत हुकूम व प्रत्यक्ष कृती यांतील फरक मोजून तो समाकलकाकडे उलट चिन्हाने परत पाठवितात, त्यामुळे साठा आपोआप ओसरतो. या विषयाचे प्रारंभीचे विवेचन लोझियर (१९५६) व फर्टिक आणि रॉस (१९६७) यांनी केले. यांशिवाय इष्ट मूल्य एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलणे, हुकुमाला आधीच गाळणी लावणे आणि मर्यादा गृहीत धरूनच प्रत्येक क्षणी पुढील काही काळाची इष्टतम कृती गणिताने ठरविणे या पद्धतीही वापरात आहेत. शेवटच्या पद्धतीला प्रतिमानाधारित पूर्वानुमानी नियंत्रण म्हणतात व ती रासायनिक उद्योगांत विशेष रूढ आहे.

तथापि कोणत्याही नियंत्रकाने क्रियाकारी घटकाची क्षमता वाढत नाही. स्थिर यंत्रणेत चांगल्या नियंत्रकाने आंदोलने टाळता येतात. अस्थिर यंत्रणेत मात्र अपेक्षित सर्वांत मोठा विक्षोभ आकर्षण प्रदेशाच्या आत राहील एवढी झडप, चलित्र किंवा पृष्ठभाग यांची क्षमता अभिकल्पाच्या आरंभीच ठरवावी लागते. ती अपुरी असल्यास विक्षोभाचीच मर्यादा पाळणे, म्हणजे वेग, भार अथवा उंची यांवर निर्बंध घालणे, एवढाच मार्ग उरतो [→ नियंत्रण तंत्र, सेवायंत्रणा, स्थैर्य].